पुरात बुडालेला ईसीयू: एका डिझेल गाडीच्या कामाच्या नोंदी

९ ऑगस्ट २०२१, सोमवार

दुपारी गाडी टोचन करून चिपळूणहून रत्नागिरीला आणली. सात आसनी, २.२ लिटर कॉमन रेल डिझेल (चारही इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं), २०१२ चं मॉडेल, एमएच-०८ पासिंग. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ही बाजारपेठेमागच्या गल्लीत उभी होती. पाणी बॉनेटच्या वर गेलं होतं. इंजिन बंद होतं हे मोठं नशीब. चालत्या इंजिनाने पाणी ओढलं की पिस्टनवर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतात. मग ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंत, यायची गरजच उरत नाही.

चिपळूणच्या मिस्त्रींनी यांत्रिक काम चोख केलं आहे. इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवलं, सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढलं, ऑइल स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा बदललं, टाकी उतरवून धुतली, स्टार्टर आणि अल्टरनेटर उघडून सुकवले. एअर फ्लो मीटर नवं बसवलं आहे. दोन इंजेक्टर रिकंडिशन केलेले आहेत. हे सगळं त्यांनी एका कागदावर लिहून गाडीसोबत पाठवलं, त्याबद्दल त्यांचे आभार. पुढे याच कागदाचा मोठा उपयोग होणार आहे.

आत्ताची स्थिती: स्टार्टर इंजिन जोरात फिरवतो, पण इंजिन पकडत नाही. स्कॅनर लावला तर एबीएस (ब्रेकचा कॉम्प्युटर) आणि मीटर बोलतात, ईसीयू गप्प. एबीएसमध्ये यू०१०० हा कोड आहे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटलेला. बॅटरी सोडवून डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रोध मोजला. गाडीतले कॉम्प्युटर ज्या वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्या कॅन बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, त्यामुळे ठीक असलेल्या गाडीत ६० च्या आसपास आकडा यायला हवा. इथे १२० आला. एक टोक गायब आहे, आणि या गाडीत ते टोक ईसीयूच्या आत आहे.

काम हातात घेण्याआधी आरसी, मालकाचं ओळखपत्र आणि चासीवर ठोकलेला नंबर ताडून पाहिला, फोटो काढून ठेवले. ईसीयूच्या कामात इमोबिलायझरचा, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, डेटा हाताळावा लागतो. तेव्हा गाडी कोणाची हे कागदावर पक्कं झाल्याशिवाय मी बॉक्सचा स्क्रूही सैल करत नाही.

१० ऑगस्ट, मंगळवार

ईसीयू उतरवला. बॉशच्या ईडीसी-१६ कुटुंबातला आहे. कनेक्टरचं लॉक उघडल्यावरच अर्धी गोष्ट कळली. ज्या पिनांवर बॅटरीचा कायमचा पुरवठा असतो त्या हिरव्यानिळ्या होऊन अर्ध्या झिजल्या आहेत. शेजारच्या अर्थच्या पिना जवळपास नव्यासारख्या. पाण्यात गाडी असताना बॅटरी जोडलेलीच होती. गढूळ पाण्यातून करंट वाहत राहिला आणि धन बाजूचा धातू विरघळत गेला. पुराच्या गाडीत पाण्याइतकंच नुकसान त्या पाण्यात चालू राहिलेली बॅटरी करते. पाणी चढायची चिन्हं दिसली तर आधी बॅटरीचं टर्मिनल काढा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

झाकणाचं सिलिकॉन गरम करून बॉक्स उघडला. आत मातीचा पातळ थर, कडेला पांढरी बुरशीसारखी पूड. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुऊन भिंगाखाली पाहिलं. इंजेक्टर चालवणाऱ्या भागात बोर्डाचा ट्रॅक खाल्ला गेला आहे, एक मॉस्फेट (करंट चालूबंद करणारा ट्रान्झिस्टर) जळलाय आणि त्याच्याखाली बोर्डाच्या आतल्या थरापर्यंत काळं पडलं आहे. हा भाग विश्वासाने दुरुस्त होणार नाही. तार टाकून इंजिन चालू होईलही, पण घाटात भर पावसात माणसं भरलेली गाडी बंद पडणं मला परवडणार नाही.

दिलासा एवढाच की प्रोसेसर आणि फ्लॅश, ईईप्रॉम या दोन मेमरी चिपांचा कोपरा बऱ्यापैकी स्वच्छ आहे.

११ ऑगस्ट, बुधवार

मालक काकांशी फोनवर बोलणं झालं. त्यांची गाडी चिपळूण-गुहागर भाड्याने फिरते, तेच घर चालवते. १० सप्टेंबरला गणपती आहेत. त्याआधी चाकरमानी उतरायला लागतील, तेव्हा गाडी रस्त्यावर हवी. "बॉक्स नवा टाका की जुना, ते तुम्ही बघा, मला गणपतीत गाडी लागेल हो," एवढंच म्हणाले.

वाट दोनच. अधिकृत मार्गाने नवा ईसीयू मागवला तर तो कोरा येतो. कंपनीच्या सर्व्हरशी जोडून त्यात त्या चासी नंबरचं सॉफ्टवेअर भरावं लागतं, चाव्या पुन्हा शिकवाव्या लागतात. सरळ आणि स्वच्छ मार्ग आहे, पण किंमत मोठी, आणि पुरानंतर सुट्या भागांची रांग लांब. दुसरी वाट: तंतोतंत तोच हार्डवेअर नंबर असलेला वापरलेला ईसीयू घ्यायचा आणि जुन्यातली सगळी माहिती त्यात उतरवायची. यालाच क्लोनिंग म्हणतात.

दुसरी वाट ठरली. तिची एकच अट: जुन्या बोर्डातली माहिती धडधाकट बाहेर आली पाहिजे. ईसीयू बदलताना बरेच जण आधी बॉक्स शोधतात आणि मग डेटाची काळजी करतात. माझ्या मते उलट करायला हवं. बॉक्स बाजारात पुन्हा मिळेल, या गाडीचा डेटा जगात फक्त या एका सडलेल्या बोर्डावर आहे.

१२ ऑगस्ट, गुरुवार

काय काय वाचवायचं आहे ते इथे लिहून ठेवतो, कारण कामाचा क्रम त्यावरच ठरतो.

मोठी मेमरी म्हणजे २ एमबीची फ्लॅश. तिच्यात बूट भाग, मुख्य प्रोग्राम आणि कॅलिब्रेशन असतं. कॅलिब्रेशन म्हणजे मॅप: अमुक आरपीएमला अमुक पेडल असेल तर किती डिझेल, हवा इतकी आली असेल तर धूर न होता जास्तीत जास्त किती डिझेल, रेलमध्ये किती दाब, इंजेक्शन टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असतो त्या क्षणाच्या) किती अंश आधी, टर्बोला किती बूस्ट, म्हणजे हवेचा वाढीव दाब. असे शेकडो तक्ते. एकाच मॉडेलच्या, एकाच आवृत्तीच्या सगळ्या गाड्यांत हे सारखंच असतं.

छोटी मेमरी म्हणजे आठ पायांची ईईप्रॉम, ९५३२० जातीची, फक्त ४०९६ बाइट. तरी गाडीचं स्वतःचं असं जे काही आहे ते इथे असतं. चासी नंबर, इमोबिलायझरची गुप्त किल्ली, इंजेक्टरचे कोड, ईसीयूने वर्षानुवर्षं शिकलेल्या दुरुस्त्या, फॉल्टची नोंद. फ्लॅश हरवली तर तशाच दुसऱ्या गाडीतून मिळू शकते. ईईप्रॉम हरवली तर इमोबिलायझरची सगळी साखळी पुन्हा जोडायची वेळ येते.

म्हणून आधी ईईप्रॉम. बोर्डावर चिमटा लावून वाचता येते, पण मेलेल्या बोर्डात बाकीचे भाग त्याच वायरींवर लोंबकळत असतात आणि वाचन फसवं येतं. हॉट एअरने चिप उचलली, पाय स्वच्छ केले, प्रोग्रामरमध्ये ठेवून वाचली. पुन्हा वाचली. चिप काढून परत बसवली आणि आणखी एकदा वाचली. तिन्ही फायली बाइटला बाइट सारख्या. फाईल उघडून पाहिल्यावर उजव्या रकान्यात चासी नंबर सरळ वाचता आला, आणि तो आरसीवरच्या नंबराशी जुळतो. प्रत लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर आणि घरच्या कॉम्प्युटरवर ठेवली.

१४ ऑगस्ट, शनिवार

फ्लॅशचं वाचन अवघड गेलं, पण त्यातून शिकण्यासारखं बरंच निघालं.

ही चिप ऐंशी पायांची, उचलून वाचणं जोखमीचं. ईडीसी-१६ मध्ये प्रोसेसरच्या बीडीएम पोर्टचे (प्रोसेसरशी थेट बोलायच्या जोडणीचे) पॅड बोर्डावर असतात. तिथे टोकदार पिना टेकवून प्रोसेसर थांबवता येतो आणि त्याच्या हातून फ्लॅश वाचून घेता येते. प्रोग्राम चालावा लागत नाही, फक्त प्रोसेसरला वीज आणि क्लॉक हवं. पुरवठ्याची झिजलेली पिन टाळून मागच्या कॅपॅसिटरवर तार लावली, बेंच सप्लायवर करंटची मर्यादा अर्ध्या अँपिअरवर ठेवली. बोर्डाने जेमतेम २०० मिलिअँपिअर घेतला. शॉर्ट नाही.

दोन वाचनं घेतली आणि ताडून पाहिली. जुळेनात. फरक मोजकेच, पण जागोजागी विखुरलेले. हेक्समध्ये, म्हणजे फाईलच्या कच्च्या आकड्यांत, नीट पाहिल्यावर त्यांच्यातली शिस्त दिसली. फरक पडलेल्या दोन बाइटांमधलं अंतर कायम चारच्या पटीत, आणि प्रत्येक बाइटमध्ये तोच एक बिट कधी ० तर कधी १. इथे फ्लॅश आणि प्रोसेसर यांच्यात ३२ डेटा लाइन आहेत. त्यातली एकच लाइन डळमळते आहे. मेमरी शाबूत आहे, तिच्यापासून निघणाऱ्या एका वाटेवर खोट आहे.

भिंगाखाली त्या बाजूचे पाय पुन्हा तपासले. दोन पायांच्या मध्ये केसाएवढी करडी रेघ, वाळलेल्या चिखलाची. अल्कोहोल, ब्रश, मग मंद गरम हवा. त्यानंतरची सगळी वाचनं तंतोतंत जुळली. टूलने चेकसमही (डेटा बिघडलेला नाही ना हे पडताळणारा आकडा) बरोबर दाखवला.

चेकसमबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे बऱ्याच जणांची गाडी घसरते. मॅपमध्ये बदल केला की चेकसम नव्याने काढावा लागतो, त्यासाठी टूल आपणहून विचारतं, "दुरुस्त करू का?" पण निव्वळ प्रत काढताना तो प्रश्न आला, तर त्याचा अर्थ वाचन खराब आहे. तिथे होय म्हटलं की चुकीच्या डेटावर बरोबर असल्याचा शिक्का बसतो. ईसीयू तो डेटा बिनतक्रार स्वीकारतो आणि चुकलेला एक बिट एखाद्या तक्त्यात कायमचा राहतो. अशा वेळी नाही म्हणायचं आणि पुन्हा वाचायचं.

१७ ऑगस्ट, मंगळवार

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून कुरिअरने एक ईसीयू आला. बाहेरून हुबेहूब, कनेक्टर तोच. लेबलवर बॉशचा ०२८१ ने सुरू होणारा नंबर, पण शेवटचे तीन आकडे वेगळे. विक्रेत्याचं म्हणणं, "सेम गाडीचा आहे, चालतो." गाडी सेम होती हे खरं असणार, पण ती पुण्याची होती.

आपल्याकडे २०१० साली बीएस-४ हे धुराच्या प्रदूषणाचं मानक फक्त तेरा शहरांत लागू झालं. महाराष्ट्रातली त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर. बाकी राज्यात बीएस-३ गाड्या विकल्या जात होत्या, आणि संपूर्ण देशात बीएस-४ यायला १ एप्रिल २०१७ उजाडलं. म्हणजे २०१२ साली पुण्यात आणि रत्नागिरीत एकाच दिवशी घेतलेल्या एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचं कॅलिब्रेशन वेगळं, कधी ईजीआरचा (जळका वायू परत सिलिंडरमध्ये सोडणारा) व्हॉल्व्ह वेगळा, कधी बोर्डावरचे ड्रायव्हर, म्हणजे बाहेरचे भाग चालवणाऱ्या चिप, तेही वेगळे. स्क्रॅप बाजारात हे दोन्ही ईसीयू एकाच ढिगात पडलेले असतात. पासिंगची मालिका विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

कुणी म्हणेल, सगळी फ्लॅश तर आपणच बदलणार, मग लेबलचं काय एवढं? बोर्ड एकच असेल तर खरंच काही बिघडत नाही. पण बोर्डावर एखादा ड्रायव्हर वेगळा असेल तर जुना प्रोग्राम तिथे नसलेल्या भागाला हाक मारत राहतो. गाडी सुरूही होते, आणि महिनाभराने न समजणारे फॉल्ट येतात. परत पाठवला.

२० ऑगस्ट, शुक्रवार

सांगलीहून दुसरा आला. हार्डवेअर नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत तोच. झाकणाला आधी कोणी हात लावलेला नाही, आत पाण्याचा माग नाही. बेंचवर वीज दिली, स्कॅनरशी बोलला. सॉफ्टवेअरचा १०३७ ने सुरू होणारा नंबरही आपल्याच मालिकेतला.

लिहिण्याआधी याचीही पूर्ण प्रत काढून ठेवली, फ्लॅश आणि ईईप्रॉम दोन्ही. पुढे काही झालं तर हा बॉक्स मूळ अवस्थेत परत नेता आला पाहिजे.

आज रत्नागिरीत दिवसभर वीज ये-जा करत होती. अर्धवट लिहून वीज गेली तर बूट भागच अपुरा राहतो. म्हणून बेंच सप्लाय भिंतीवरून न घेता ७५ अँपिअर-अवरच्या बॅटरीवरून घेतला, बॅटरीला चार्जर लावून ठेवला. लॅपटॉप पूर्ण चार्ज, त्याची स्लीप बंद, वाय-फाय बंद, अपडेट बंद. लिहिताना मधे एकदा दिवे गेलेच. बेंचवर १२.८ व्होल्ट स्थिर राहिले.

फ्लॅश लिहिली, परत वाचली, मूळ फाईलशी ताडली: शून्य फरक. ईईप्रॉम नव्या बॉक्समधून उचलली, तिच्यात जुना डेटा लिहिला, तपासली, परत डकवली. जुनी चिपच उचलून लावता आली असती, पण तिच्या पायांनी पूर पाहिला आहे. ती डबीत बंद करून ठेवली.

हे सगळं सॉकेटमधून, झाकण न उघडता का केलं नाही? सॉकेटमधून प्रोग्राम आणि कॅलिब्रेशन लिहिता येतं. ईसीयू आधी एक आकडा देतो, त्याचं बरोबर उत्तर आलं तरच दार उघडतो. पण त्या मार्गाने ईईप्रॉम आणि बूट भाग सहसा हाताला लागत नाहीत. नुसतं सॉफ्टवेअर अपडेट असतं तर तोच मार्ग उत्तम होता. इथे बॉक्स बदलतोय.

२१ ऑगस्ट, शनिवार

नवा ईसीयू लगेच लावला नाही. आजचा दिवस वायरिंगला. जुन्या बॉक्सला ज्या वायरींनी मारलं त्याच वायरींना नवा जोडायचा आहे.

कनेक्टरमधलं कायम पुरवठ्याचं टर्मिनल सडलेलं होतं, कापून नवं क्रिम्प केलं. मेन रिले नवा. अर्थ तपासायला मल्टिमीटरचा नुसता बीप पुरत नाही. तांब्याचा एक केस शिल्लक असला तरी बीप वाजतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घेतला, तो पावणेदोन अँपिअर ओढतो. ईसीयूच्या प्रत्येक पुरवठ्याच्या आणि अर्थच्या पिनेवर तो पेटवला आणि वायरीत किती व्होल्ट पडतात ते मोजलं. एक अर्थ सोडून सगळे ०.१ च्या आत. त्या एकावर ०.७. इंजिनवरून बॉडीला येणारी पट्टी बाहेरून काळी चकचकीत, आत हिरवी पावडर. बदलली, ०.०४ वर आलं.

सेन्सरच्या ५ व्होल्टच्या लाइन अर्थला शॉर्ट नाहीत. चारही इंजेक्टरच्या कॉइल अर्ध्या ओहमच्या आसपास, बॉडीशी संपर्क नाही. आता हरकत नाही.

२३ ऑगस्ट, सोमवार

बसवला. बॅटरी जोडण्याआधी कॅनचा रोध मोजला: ६०. चावी फिरवली, इमोबिलायझरचा दिवा पेटला आणि विझला. गाडीने चावी ओळखली.

पहिल्या क्रँकला पकडली नाही, पण ते अपेक्षितच होतं. स्कॅनरवर रेलचा दाब ६० बारच्या वर जाईना. साधारण २०० बारच्या खाली हा ईसीयू इंजेक्शन सोडतच नाही. टाकी उतरवलेली, फिल्टर नवा, लाइनमध्ये हवा. फिल्टरवरच्या हातपंपाने बुडबुडे संपेपर्यंत डिझेल चढवलं. पुढच्या क्रँकला दाब झपाट्याने २६० वर गेला आणि इंजिन सुरू झालं.

सुरू झालं, पण खडखडत. पांढरट धूर, आयडलला (पेडल न दाबता चालताना) थरथर. फॉल्ट एकही नाही. इथेच अनेक जण गाडी देऊन टाकतात, "चालवा थोडी, आपोआप शिकेल" म्हणून. मिस्त्रींचा कागद काढला.

२४ ऑगस्ट, मंगळवार

क्लोन केलेल्या ईईप्रॉममध्ये जुन्या चार इंजेक्टरचे कोड आहेत. इंजिनावर त्यातले दोनच उरलेत, आणि तेही धुऊन परत बसवताना जागा अदलाबदल झाली असू शकते.

कोड कशासाठी असतो ते सांगतो. कॉमन रेल इंजेक्टर कितीही काटेकोर बनवला तरी दोन इंजेक्टर तंतोतंत सारखं डिझेल सोडत नाहीत. कारखान्यात प्रत्येक इंजेक्टर चाचणी बेंचवर लावून आयडल, अर्धा भार, पूर्ण भार आणि मुख्य इंजेक्शनच्या आधीचं छोटं इंजेक्शन अशा ठिकाणी तो किती कमीजास्त सोडतो ते मोजतात. ती तफावत कोडच्या रूपात त्याच्या डोक्यावर छापतात. ईसीयूला कोड दिला की तो त्या सिलिंडरचा वेळ मायक्रोसेकंदात वाढवतो किंवा घटवतो. दुसऱ्याचा चष्मा लावल्यासारखी गत झाली होती आपल्या इंजिनाची.

चारही इंजेक्टरची डोकी डिझेलच्या फडक्याने पुसली, टॉर्च आडवा धरून मोबाईलने फोटो काढले आणि मोठे करून वाचले. इंग्रजी आठचा आकडा आणि बी हे अक्षर यात हमखास गफलत होते, म्हणून दोघांनी वेगवेगळं वाचून जुळवलं. तीन कोड मिळाले. रिकंडिशन केलेल्यांपैकी एकावर जुनाच कोड होता आणि सोबत बेंचची चिठ्ठी नव्हती. आतला व्हॉल्व्ह आणि नोझल बदलल्यावर जुना कोड खोटा ठरतो. तो इंजेक्टर पुन्हा बेंचवर चढवून नवा कोड काढायला पाठवला.

२६ ऑगस्ट, गुरुवार

इंजेक्टर नव्या कोडसह आला. चारही कोड सिलिंडरच्या क्रमाने लिहिले, चावी बंद करून ईसीयू पूर्ण झोपेपर्यंत थांबलो, मग परत वाचून खात्री केली. आयडलची थरथर गेली. ईसीयू दर सिलिंडरला करत असलेली दुरुस्ती आधी तिसऱ्याला प्रतिस्ट्रोक +२.९ मिलिग्रॅम आणि पहिल्याला -२.२ होती. आता चारही आकडे ±०.७ च्या आत.

धूर मात्र पेडल दाबलं की अजून येतो, काळसर. त्याचं कारणही प्रतीमध्येच आहे. जुन्या एअर फ्लो मीटरची घसरण ईसीयूने हळूहळू शिकून दुरुस्ती साठवली होती. ती दुरुस्ती आता नव्या, निरोगी मीटरवर लागू होतेय. हवा आहे त्यापेक्षा जास्त मोजली जाते आणि डिझेल जास्त पडतं. हवेची, ईजीआरच्या बंद स्थितीची आणि रेलच्या मीटरिंग व्हॉल्व्हची शिकवण शून्य केली. ईजीआर व्हॉल्व्ह उघडून साफ केला होता, त्याचीही बंद स्थिती नव्याने शिकवली. धूर गेला.

क्लोनमुळे गाडीची ओळख जशीच्या तशी येते. पण ज्या भागांची ओळख बदललीय ते एकेक शोधून ईसीयूला सांगावेच लागतात. चिपळूणचा कागद नसता तर हे सगळं अंदाजाने चाचपडावं लागलं असतं.

२८ ऑगस्ट, शनिवार

काका गाडी बघायला आले. आवाज ऐकूनच चेहरा उजळला. मग म्हणाले, "उघडलंच आहे तर पुतण्याने केलान तसं ईजीआर बंद करून टाका, आणि थोडी पॉवर पण वाढवा."

मी नाही म्हणालो, आणि का ते नीट बसून सांगितलं. ईजीआर थोडा जळका वायू परत सिलिंडरमध्ये सोडतो, त्यामुळे ज्वलनाचं कमाल तापमान उतरतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी होतात. तो सॉफ्टवेअरमध्ये बंद केला की काजळी कमी दिसते, म्हणून लोकांना वाटतं इंजिन सुधारलं. डोळ्यांना न दिसणारा वायू मात्र वाढतो, आणि तो एसटी स्टँडसमोर उभ्या माणसांच्या छातीत जातो. पॉवर वाढवायची म्हणजे धुराची मर्यादा आणि रेलचा दाब उचलायचा, त्याचा भार टर्बो, क्लच आणि गॅस्केटवर. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ नोंदींपासून वेगळा बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. भाड्याची गाडी, अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच उकरणार.

काकांनी ऐकून घेतलं. "मग आहे तशीच राहू दे," म्हणाले. मला बरं वाटलं.

३० ऑगस्ट, सोमवार

रस्त्यावर चाचणी. हातखंब्यापर्यंत साध्या वेगात, तिथून निवळी घाटात चढ आणि उतार, गाडीत माणसं बसवून. लॅपटॉपवर नोंद चालू. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये मागितलेला रेलचा दाब १,३४० बार, मिळालेला १,३२० ते १,३५५. बूस्ट मागणीच्या बरोबर. उतारावर पेडल सोडल्यावर इंजेक्शन पूर्ण शून्य. पाऊस धो-धो होता, कनेक्टरवर पाणी मारून पुन्हा पाहिलं, फॉल्ट नाही.

पीयूसीला बीएस-३ डिझेलची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (धुराच्या दाटपणाचं माप), गाडीचा आकडा ३८.

२ सप्टेंबर, गुरुवार

गाडी काकांकडे दिली. सोबत एक पेन ड्राइव्ह: दोन्ही मेमरींची प्रत, इंजेक्टरच्या कोडचे फोटो सिलिंडर नंबरसह, हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर नंबर. उद्या दुसऱ्या गॅरेजात काम निघालं तर त्यांना माझ्याकडे यावं लागू नये. माहिती गाडीची आहे, ती गाडीसोबत राहावी. जुना बोर्ड, त्याची ईईप्रॉम डबीतच ठेवून, त्यांच्या समोर पिशवीत भरला आणि तोही त्यांना दिला. त्यात इमोबिलायझरची किल्ली आहे, असा बोर्ड भंगारात जाता कामा नये.

४ ऑक्टोबर, सोमवार

गणपतीचा हंगाम संपल्यावर गाडी तपासायला आली, मीटरवर साडेतीन हजार किलोमीटरची भर. फॉल्ट एकही नाही. सिलिंडरच्या दुरुस्त्या +०.५, -०.३, +०.४, -०.६. अर्थची नवी पट्टी ०.०५ व्होल्ट. ईजीआरची नव्याने शिकलेली स्थिती स्थिर. ईसीयूच्या कनेक्टरला हलका हिरवा रंग येऊ लागला आहे, समोरच्या जुन्या सीलमधून ओलावा शिरतोय. सील मागवलं आहे. ते आलं की कनेक्टर साफ करून बदलायचं, आणि त्याच दिवशी दुसरी चावी गाडीला दाखवून घ्यायची.